नऊ तासवाले साहेब

प्रत्येक घरात एखाद्या डब्यात जुन्या किल्ल्या साठलेल्या असतात. त्या कुठल्या कुलपाच्या, हे कुणाला सांगता येत नाही आणि फेकूनही देववत नाहीत. नोकरीतल्या किश्श्यांचं तसंच आहे. माझ्या डब्यात जरा जास्तच साठलेत. संध्याकाळी पोस्टासमोरच्या बाकावर आम्ही तिघं-चौघं म्हातारे बसतो, तिथं एखादा काढून दाखवतो. पण मी बोलतो सावकाश. आमचा शंकर म्हणतो, "गड्या, तुझा किस्सा संपंस्तोवर ऐकणाऱ्याची पेन्शन संपती!" म्हणून ह्या वेळी लिहूनच काढले. शिक्षण चौथीपर्यंतचं आहे, चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

लढाई संपली तसा मी फौजेतून घरी आलो. पुढं देश स्वतंत्र झाला, सांगलीचं संस्थान विलीन झालं आणि त्याच सुमाराला एक नवं ऑफिस निघालं. दुकानं, हॉटेलं, वखारी अशा ठिकाणी कामावरच्या माणसांना किती तास राबवतात ते बघायचं, हे त्या ऑफिसचं काम. मी तिथं पट्टेवाला लागलो. खांद्यावर पट्टा, पट्ट्यावर पितळी बिल्ला. फौजेत मी साधा शिपाई होतो, पण सांगलीची पेठ मला 'हवालदार' म्हणायला लागली. तेवढी बढती सरकारनं दिली नव्हती, लोकांनी दिली!

आमचे इन्स्पेक्टर सबनीस साहेब. बारीक अंगाचे, जाड चष्म्याचे. बोलायचे कमी. मी त्याहून कमी. सायकलवरून आम्ही तासगावला निघालो तर जाताना एक वाक्य आणि येताना एक, एवढंच बोलणं व्हायचं. साहेब दुकानात शिरले की पहिल्यांदा एकच सांगायचे, "दिवसाला नऊ तास. पाच तासांनंतर एक तास विश्रांती. आठवड्याला एक सुट्टी." लोकांनी त्यांचं नावच पाडलं, 'नऊ तासवाले साहेब'.

ऑफिस गुढीपाडव्याला सुरू झालं. दोन महिने झाले नाहीत तोवर व्यापाऱ्यांचा अर्ज वर गेला. इथल्या एकाही नोकराची तक्रार नाही, हे ऑफिस फुकटचा त्रास आहे, असा. वरून साहेबांना पत्र आलं. पुढच्या पाडव्यापर्यंत कोर्टात एक तरी केस टिकली तर ठीक, नाहीतर ऑफिस बंद. साहेबांनी ते पत्र मला वाचून दाखवलं आणि घडी घालून खिशात ठेवलं.

म्हणाले, "दत्तू, आपल्याला एक माणूस पाहिजे. नुसता एक. जो कोर्टात उभा राहून खरं सांगेल, की मला नऊ तासांपेक्षा जास्त राबवतात."

मला वाटलं, त्यात काय अवघड आहे!

* * *

पहिलंच दुकान कापडाचं. आत सहा माणसं. कुणी थान उलगडतंय, कुणी मापतंय, कुणी घड्या घालतंय.

साहेबांनी विचारलं, "नोकर किती?"

मालक हात जोडून म्हणाले, "नोकर एकबी न्हाई साहेब. समदी घरचीच माणसं. ह्यो भाचा, ह्यो मेव्हणा, त्यो चुलतभाऊ. आन् ह्यो जावई."

घरच्या माणसांना कायदा लागू नव्हता. हे मालकांना आमच्याआधी कळलं होतं!

साहेबांनी मान डोलावली. चष्मा पुसला. मग त्या जावयाजवळ जाऊन अगदी गोड आवाजात विचारलं, "लग्नाला किती वर्षं झाली?"

तो बिचारा घामाघूम झाला. एकदा थानाकडं बघितलं, एकदा गिऱ्हाइकाकडं, आणि म्हणाला, "मालक सांगतील तेवढी!"

साहेबांनी केस लिहिली. पण कोर्टात त्या माणसानं शपथेवर सांगितलं, की मी खरंच जावई आहे, फक्त लग्न व्हायचं आहे. केस पडली.

दोन वर्षांनी त्याचं लग्न झालं, दुसऱ्याच घरात. पत्रिका द्यायला ऑफिसात आला होता.

* * *

साताऱ्यात एक हॉटेल होतं. मालक सज्जन. साहेबांनी सांगितल्याबरोबर त्यानं प्रत्येक वेटरला आठवड्याची सुट्टी बांधून दिली आणि पाटीवर खडूनं लिहूनही ठेवली.

सोमवारी आम्ही गेलो. सोमवारची सुट्टी सखारामची. बघतो तर सखाराम हॉटेलातच! पण टेबलाशी बसलेला. अंगात धुतलेला सदरा, केसांना तेल, भांग पाडलेला. दुसऱ्या वेटरला ओरडत होता, "ए गड्या, गिऱ्हाईक हाय मी आज! आधी पाणी आण. गिलास धुतल्याला आण!"

खोली नाही, घर डोंगरापलीकडं, सुट्टीत माणूस जाणार कुठं? जिथं रोज उभा असतो तिथं तो एक दिवस बसायला आला होता. मला त्याचं फार बरं वाटलं.

तेवढ्यात शेजारच्या टेबलावर कुणाचा तरी चहा सांडला. सखाराम उठला, खांद्यावरचा पंचा काढला आणि टेबल पुसायला लागला.

साहेब म्हणाले, "सखाराम, तू सुट्टीवर आहेस."

"व्हय साहेब," पुसता पुसता तो म्हणाला, "पर टेबल कुठं सुट्टीवर हाय!"

* * *

इस्लामपूरकडं शेंगांची एक मोठी वखार होती. बाहेर बोर्ड नियमाप्रमाणं. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, मध्ये एक तास जेवणाची सुट्टी. म्हणजे बरोबर नऊ तास. साहेबांना चूक सापडेना. पण माणसांचे चेहरे काही वेगळंच सांगत होते.

मी फाटकाशी उभा होतो. फाटकावर एक घड्याळ होतं. आत वखारीच्या भिंतीवर दुसरं. दोन्ही टिकटिक करत होती, आणि दोन्हींत बरोबर एका तासाचा फरक!

आजच्या लोकांना माहीत नसेल. लढाईच्या दिवसांत सरकारनं सगळ्या देशातली घड्याळं एक तास पुढं केली होती. त्याला आम्ही 'लढाईचा टाईम' म्हणायचो. लढाई संपली, घड्याळं परत मागं आली. ह्या मालकांनी आतलं घड्याळ मागं घेतलं आणि फाटकावरचं तसंच ठेवलं. माणसांनी यायचं फाटकावरच्या घड्याळानं आणि जायचं आतल्या घड्याळानं! रोजचा एक तास मधल्या मध्ये गडप.

मी साहेबांना हळूच म्हणालो, "साहेब, लढाई संपली म्हणून सरकारनं मला घरी पाठवलं. ह्या घड्याळाला कुणी कळवलं नाही वाटतं!"

साहेब मोठ्यानं हसले. मी त्यांना हसताना बघितलं ते तेव्हा पहिल्यांदा.

केस मात्र पडली. वखारीतली सगळी माणसं ओळीनं सांगून गेली, "आमी आमच्या खुशीनं तासभर आधी येतो. सकाळची हवा चांगली असती!"

येताना साहेब कृष्णेच्या पुलावर सायकल थांबवून म्हणाले, "ती माणसं खोटं बोलली नाहीत, दत्तू. घाबरली. दोन्हींत फरक आहे."

* * *

सांगलीत भांड्यांचं दुकान असलेले एक जैन आण्णा होते. त्यांचं रजिस्टर तपासायला गेलो, तर रजिस्टरच नाही. साहेबांनी कायदा समजावून सांगितला. आण्णांनी शांतपणे ऐकून घेतला.

"म्हंजे नऊ तासांच्या वर गड्यानं काम करायचं न्हाई?"

"नाही."

"आवं साहेब, दिवस मावळायच्या आत आमचं जेवण होतं. त्येच्यासाठी मला दुकानातनं लवकर उठायला लागतं. मालक जेवायला गेल्यावर गडी काय भांड्यांस्नी गोष्टी सांगत बसल व्हय? त्येलाबी घरी धाडतो. माझ्या आज्ज्यापास्नं असंच हाय."

साहेबांनी नोकरांना विचारलं. खरं होतं. दुपारी गादीवर मालक आणि नोकर शेजारी शेजारी आडवे व्हायचे, हेही खरं होतं.

साहेब उठले आणि त्यांनी आण्णांना वाकून नमस्कार केला. सरकारी माणसानं व्यापाऱ्याला नमस्कार केलेला मी दुसऱ्यांदा कधी बघितला नाही. मग नियमाप्रमाणं कायद्याचा कागद भिंतीवर लावायला दिला. आण्णांनी तो चष्मा लावून सगळा वाचला, खिळा ठोकून लावला, दोन पावलं मागं सरकून बघितलं आणि म्हणाले,

"बरं झालं. सरकारलाबी सुचलं!"

* * *

दिवाळी होऊन गेली तरी एकही केस टिकत नव्हती. साहेब जास्तच फिरायला लागले. मीही त्यांच्याबरोबर. सकाळी उजाडता निघायचो, दिवे लागल्यावर परत.

एक दिवस साहेब टेबलाशी लिहीत होते. एक बाई डोक्यावर पदर घेऊन दारात उभी राहिली. मी बाहेर पाणी भरत होतो.

"तक्रार हाय," बाई म्हणाली.

साहेब ताडकन उठले. दहा महिन्यांत स्वतःहून आलेली ही पहिली तक्रार! त्यांनी बाईला बसायला खुर्ची दिली, कोरा फॉर्म काढला, टाक शाईत बुडवला.

"कामाला कोण आहे?"

"माझा मालक."

"म्हणजे तुमचे यजमान. किती तास राबवतात?"

"पाखरं उठायच्या आधी जातो. पाखरं निजल्यावर येतो. सुट्टी न्हाई. जेवण सायकलवर."

"हे भयंकर आहे," साहेब म्हणाले. लिहीत होते. "नाव?"

"दत्तू हवालदार."

साहेबांचा टाक थांबला. मी पाण्याची कळशी घेऊन दारात आलो. ती आमची मंडळी होती!

"आन् राबवणाऱ्याचं नावबी लिव्हा," ती म्हणाली. "तुमीच की!"

साहेबांनी तो फॉर्म फाडला नाही. सगळा भरला, शेवटी स्वतःची सही केली आणि म्हणाले, "बाई, हा कायदा सरकारी नोकराला लागू नाही. पण लाज सगळ्यांना लागू असते."

त्या दिवसापासून संध्याकाळ झाली की साहेब स्वतः उठायचे, माझ्या खांद्यावरचा पट्टा काढून खुंटीला लावायचे आणि म्हणायचे, "जा." मी गेल्यावर ते एकटेच फिरतीवर निघायचे. मी कोपऱ्यावर थांबून बघायचो. घरी मात्र सांगितलं नाही. नाहीतर ती त्यांच्याबद्दलही तक्रार घेऊन गेली असती!

* * *

पट्ट्यावरून एक आठवलं.

दुकानं बंद व्हायच्या वेळेला आमची सायकल पेठेच्या तोंडाशी दिसली, की पानवाला जोरात खाकरायचा. तो खाकरला की शेजारचा दुकानदार खाकरायचा. अशी पेठभर खोकल्याची साथ पसरायची आणि दुकानांना पटापट फळ्या लागायच्या.

साहेबांनी ते दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "आज मी येत नाही. तू नुसती चक्कर मारून ये." मी गेलो, सगळे खाकरले, पेठ बंद. चौथ्या दिवशी म्हणाले, "आज तूही जाऊ नकोस. सायकल कोपऱ्यावर लाव आणि हँडलला पट्टा अडकव."

आम्ही दोघं समोरच्या हॉटेलात चहा पीत बसलो. पानवाल्यानं पट्टा बघितला. खाकरला. पाच मिनिटांत सगळ्या पेठेत फळ्या!

"दत्तू," साहेब बशीतून चहा पीत म्हणाले, "तुझ्यापेक्षा तुझा पट्टा जास्त काम करतो. आणि त्याला नऊ तासांची मर्यादापण नाही!"

पण फळ्या बाहेरून लागल्या म्हणून आतली माणसं घरी गेली असं नव्हे. ते पट्ट्याला दिसत नव्हतं.

* * *

आता शेवटचा. हा मी बाकावर कधीच पुरा सांगू शकलो नाही. मध्येच माझा आवाज जातो. लिहिताना ती अडचण नाही.

पाडवा महिन्यावर आला होता. सांगलीत हळदीची एक मोठी वखार होती. मालकांचं नाव सांगत नाही, त्यांची नातवंडं फार चांगली आहेत. तिथं हळदीला पॉलिश करायचं काम चालायचं. लोखंडी जाळीचा मोठा ड्रम, त्यात वाळलेली हळकुंडं भरायची, दोन्ही बाजूंच्या मुठी धरून चार बायकांनी तो फिरवायचा. हळकुंडं एकमेकांवर घासून वरची साल जाते आणि पिवळा रंग उजळतो. असे चार ड्रम होते, सोळा बायका.

साहेबांनी एकेकीला विचारलं. एकीनंही तोंड उघडलं नाही. शेवटी तानूबाई म्हणून एक होती, पन्नाशीची, उंच, हाडापेरानं मोठी. तिनं ड्रमची मूठ न सोडता विचारलं, "साहेब, कोर्टात बसायला मिळतं, का उभंच ऱ्हायला लागतं?"

"उभं राहावं लागतं," साहेब म्हणाले. त्यांना खोटं बोलता यायचं नाही.

"मग जमंल. त्येची सवय हाय."

मी बाहेर तिला गाठून म्हणालो, "तानूबाई, काम जाईल तुमचं. विचार केलाय का?"

ती म्हणाली, "हवालदार, घरी गेल्यावर ह्या हाताला भाकरी थापायचं भान ऱ्हात न्हाई. पोरं रोज इचारत्यात, आई, भाकरी वाकडी का? एकदा कुणाला तरी सांगायचंय, का वाकडी त्ये."

कोर्टाच्या दिवशी बाकीच्या पंधराजणीही आल्या. आत यायचं धाडस नव्हतं, दारात उभ्या राहिल्या. म्हातारे मॅजिस्ट्रेट होते, सोनेरी साखळीचं घड्याळ लावणारे. मालकांच्या शेजारी त्यांचा मुकादम बसला होता, पटक्याचा तुरा सोडून.

पहिल्यांदा मुकादमाला बोलावलं. साहेबांनी विचारलं, "एक ड्रम दिवसाला किती वेळा भरता?"

मुकादमाची छाती फुगली. "बावीस येळा! एका दिवसात बावीस! सांगलीत काय, मिरजेपातूर असली वखार दाखवा, मिशी उतरवीन!"

मालकांच्या वकिलानं त्याचा कोट मागून ओढला, पण बावीस कागदावर लिहून झाले होते.

वकील हुशार. उठून म्हणाले, "बावीस तर बावीस. एका ड्रमला वीस मिनिटं लागतात. बावीस वेळा वीस, म्हणजे साडेसात तासही होत नाहीत. माझे अशील कायद्याच्या आतच आहेत!"

आमचे साहेब खाली बघायला लागले. एका ड्रमला किती वेळ लागतो, हे कुठल्या रजिस्टरात लिहिलेलं नसतं. घड्याळ लावून मोजायलाही आम्हाला मिळालं नव्हतं. आम्ही दारात दिसलो की ड्रम थांबायचे.

तानूबाई उभी राहिली. वकिलांनी विचारलं, "बाई, घड्याळ कळतं का?"

"न्हाई."

"आकडे येतात का?"

"इसापातूर."

वकील हसून मॅजिस्ट्रेटांकडं वळले. "साहेब, हिला वेळ सांगता येत नाही. हिची साक्ष काय घ्यायची?"

मॅजिस्ट्रेटांनी विचारलं, "बाई, मग ड्रम झाला हे तुम्हाला कसं कळतं?"

"ओव्यांवर."

"म्हणजे?"

"ड्रम फिरवताना आमी ओव्या म्हणतो साहेब. एका ड्रमला दोन इसा ओव्या. दोन इसा झाल्या की हळकुंड पिवळंधमक झाल्यालं असतंय. कमी म्हणल्या तर ह्यो मुकादम परत फिरवायला लावतो."

"आणि चाळीस ओव्यांना वेळ किती लागतो?"

"त्ये मला कसं कळावं? घड्याळ तुमच्याकडं हाय. म्हणून दाखवू?"

वकील उठले, "साहेब, हे कोर्ट आहे!"

मॅजिस्ट्रेटांनी साखळी ओढून घड्याळ काढलं, उघडून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "म्हणा."

तानूबाईनं पदर खोचला. समोर मुठी असल्यासारखे दोन्ही हात धरले. आणि कोर्टात हळदीचा ड्रम फिरायला लागला.

हळकुंडाच्या गं अंगाला
चढली पिवळी झळाळी,
फिरवून फिरवून बाई
माझी हातरेषा गळाली.

आवाज भसाडा होता, पण ठेका असा, की ऐकणाऱ्याचे खांदे आपोआप हलावेत. पाच ओव्या झाल्या. दहा झाल्या. दारातल्या बायका आधी पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. मग एकीनं हळूच सूर धरला, मग दुसरीनं. माझं लक्ष त्यांच्या हातांकडं गेलं. पंधराजणींचे हात हवेत फिरत होते. त्यांना स्वतःला ते माहीत नव्हतं.

पंधरावी ओवी झाली तसे वकील म्हणाले, "साहेब, ही मुद्दाम सावकाश म्हणतेय!"

तानूबाई हात न थांबवता म्हणाली, "दादा, सावकाश म्हणली तर ड्रम अडतो. मग पुन्यांदा हालता हालत न्हाई." आणि त्याच्यावरच ओवी करून टाकली,

काळ्या कोटाचा वकील
उभ्या उभ्या गं दमला,
पाट द्या गं बसायाला
भाऊ त्योबी आपला.

मॅजिस्ट्रेटांनी रुमालानं तोंड झाकलं. वकील खरंच बसले.

वीस झाल्या. पंचवीस झाल्या. बाहेरच्या आवारातली माणसं खिडकीशी गोळा झाली. तानूबाईच्या कपाळावरून घाम निथळत होता, मनगटाच्या शिरा ताठ झाल्या होत्या, आणि हातात तर काही नव्हतं! आमचे साहेब चष्मा काढून बसले होते. पुसत नव्हते, नुसता हातात धरला होता.

छत्तीस. सदतीस. मी बोटांवर मोजत होतो. मालक छताकडं बघत होते. मुकादम मात्र डोळे मिटून, मान डोलावत, आपल्याच ठेक्यात बुडाला होता.

अडतीस. एकोणचाळीस.

चाळिसावी ओवी संपली, आणि मालकांच्या शेजारून मुकादम ताडकन उठून ओरडला,

"उतरवाऽऽ!"

रोजच्या सवयीनं! मुकादमानं डोळे उघडले, इकडं तिकडं बघितलं, आणि पटका सावरत हळूच खाली बसला.

मॅजिस्ट्रेटांनी घड्याळ उचलून बघितलं. बत्तीस मिनिटं झाली होती. त्यांनी कागदावर बत्तिसाखाली बावीस लिहिले, गुणाकार केला आणि कागद फिरवून वकिलांपुढं सरकवला. वकिलांनी तो वाचला. सातशे चार मिनिटं, म्हणजे पावणेबारा तासांना एक मिनिट कमी. उठले नाहीत.

मॅजिस्ट्रेटांनी टाक शाईत बुडवला. लिहायच्या आधी एकदा वर बघितलं.

"बाई, एक ड्रम झाला, की दुसरा भरेपर्यंत मध्ये हात किती वेळ थांबतात?"

तानूबाई आपल्या हातांकडं बघत होती. आता ते दोन्ही बाजूंना नुसते लोंबत होते, तिचे नसल्यासारखे.

"आत्ता थांबल्यात तेवढं," ती म्हणाली, "आजच बघतीया साहेब."